खान्देशातून डहाणू-बोर्डीच्या किनाऱ्यावर पायी: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आम्ही अमळनेरची चार-पाच घरं. हिवाळ्यात एकदा तरी डहाणूला जातो आणि डहाणू ते बोर्डी हा किनारा तुकड्या-तुकड्यानं पायी फिरतो. परत आलो की फोन सुरू होतात: पाहुणे, शेजारी, शाळेतले सहकारी, शिरपूरच्या मावसभावाचे मित्र. प्रश्न तेच ते. म्हणून एकदाची उत्तरं लिहून ठेवली. आता फोन आला की हेच पाठवतो.

समुद्रच बघायचा तर डहाणू का? गोवा, अलिबाग, गणपतीपुळे का नाही?

रेल्वेमुळे. आपल्याकडे समुद्र म्हटलं की लोक आधी मुंबई गाठतात आणि तिथून पुढचा विचार करतात. पण जळगाव, अमळनेर, दोंडाईचा, नंदुरबार ही सगळी ताप्ती लाईनवरची गावं, आणि ही लाईन सरळ सुरतेकडे उतरते. जळगाव ते उधना ३०६ किलोमीटर. उधन्याहून दक्षिणेला सुमारे १४० किलोमीटरवर डहाणू रोड. घाट नाही, मुंबईची गर्दी नाही.

फक्त एक आधीच सांगतो. निळंशार पाणी आणि काळे कडे हवे असतील तर रत्नागिरीकडेच जा. डहाणूचा किनारा सपाट, लांबच लांब, मागे सुरूचं बन आणि त्यामागे चिकूच्या वाड्या. पाणी मातकट. फोटोत तो मार खातो, चालायला मात्र त्याच्याइतका सोपा किनारा मी दुसरा पाहिलेला नाही.

जायचं कसं?

बहुतेकांना सोयीचं म्हणजे रात्रीच्या गाडीनं सुरत किंवा उधना आणि सकाळी तिथून मुंबईकडे जाणारी गाडी. भुसावळहून नंदुरबार मार्गे मुंबईकडे जाणारी खान्देश एक्स्प्रेसही आहे, पण ती ठरावीक दिवशीच असते. तिकीट काढताना गाडीला डहाणू रोडचा थांबा आहे का ते बघा. नाहीतर वापी किंवा पालघरला उतरून मागेपुढे करायचं. सुरतेत गाडीची वेळ जुळली नाही तरी आपल्या माणसाला काळजी नाही. उधना, लिंबायत, डिंडोली, पांडेसरा या भागांत ज्याची मावशी किंवा साडू राहत नाही असा खान्देशी माणूस शोधून दाखवा. मावशीकडे मुक्काम केला तर जेवल्याशिवाय सोडणार नाही, तेवढा वेळ हिशेबात धरा.

मोटारीनं दोन वाटा. धुळ्याहून नवापूर, सोनगड करत सुरतेच्या बाजूनं मुंबई-अहमदाबाद महामार्गाला लागायचं आणि चारोटी नाक्याहून डहाणूला वळायचं. किंवा नाशिक, त्र्यंबक, जव्हार करत घाटातून उतरायचं. दुसरी वाट पावसाळ्यानंतर फार सुंदर असते, पण वळणं इतकी की मागच्या सीटवरची मंडळी लिंबू चोखत बसतात.

विरार-वसईकडे नातेवाईक असतील तर आणखी एक सोय आहे. २०१३ पासून मुंबईची लोकल डहाणू रोडपर्यंत येते.

पाणी असं चहासारखं का? घाण आहे का?

घाण नाही, गाळ आहे. या किनाऱ्याच्या उत्तरेला खंबातचं आखात. त्यात साबरमती, मही, नर्मदा येतात आणि त्याच्या तोंडाशी आपली तापी. हजारो वर्षांची माती या नद्यांनी तिथे आणून टाकली आहे. भरती-ओहोटीचे जोरदार प्रवाह ती खाली बसू देत नाहीत, रोज दोनदा ढवळतात. दक्षिणेकडे जावं तसं पाणी निवळत जातं.

आपल्या गावची काळी माती पावसाळ्यात तापीतून जाते कुठे, याचं उत्तर त्या बाजूला आहे. त्यामुळे निदान खान्देशी माणसानं तरी त्या समुद्राच्या रंगाला नाव ठेवू नये असं मला वाटतं.

आम्ही गेलो तेव्हा समुद्रच नव्हता. नुसता चिखल. असं कसं?

हा प्रश्न सगळ्यात जास्त वेळा येतो, आणि आमचीही सुरुवात इथूनच झाली. पहिल्या वेळी आम्ही आईला घेऊन गेलो. सुट्टी कधी मिळते एवढंच बघून निघालो होतो. संध्याकाळी साडेपाचला बोर्डीच्या सुरूतून बाहेर आलो तर समोर ओली सपाट जमीन, आणि पाणी पार तिकडे, एक चकाकती रेघ. आई कमरेवर हात ठेवून उभी राहिली आणि म्हणाली, "समुंदर ते चालना गया!" तिकीट काढून नाटकाला यावं आणि पडदा पडलेला असावा, तसा तिचा चेहरा.

त्या दिवशी अमावास्या होती. आता सांगतो त्यात काय चुकलं.

समुद्राला दिवसातून साधारण दोनदा भरती आणि दोनदा ओहोटी येते. एका भरतीपासून पुढच्या भरतीपर्यंत बारा तास आणि पंचवीस-एक मिनिटं. म्हणून भरतीची वेळ रोज पाऊण तासाच्या वर पुढे सरकते. हे सगळं चंद्रामुळे, आणि चंद्र म्हणजे तिथी. आपल्याकडे एकादशी, चतुर्थी पाठ असते, पण तिचा समुद्राशी संबंध आहे हे कोणी शिकवत नाही. कोकणात मात्र जुना हिशेब आहे: तिथीची पाऊणपट करा, भरतीची वेळ येते.

करून बघा. चतुर्थी, म्हणजे चार. चाराची पाऊणपट तीन. म्हणजे दुपारी तीनच्या आसपास पूर्ण भरती आणि पहाटे तीनलाही. अष्टमी, आठाची पाऊणपट सहा. एकादशीला सव्वाआठ. पौर्णिमा किंवा अमावास्या, पंधरा धरा, येतात सव्वाअकरा. शुक्ल पक्ष असो की कृष्ण, प्रतिपदेपासून पुन्हा एकपासून मोजायचं. पूर्ण ओहोटी त्यानंतर सहा तासांनी. हा अंदाज आहे, घड्याळ नाही. डहाणूकडे भरती मुंबईपेक्षा जराशी उशिरा पोचते, तेव्हा अर्धा-पाऊण तास पुढे धरायचा. हल्ली मोबाईलवर भरतीचं वेळापत्रक मिळतं, निघायच्या दिवशी तेही बघावं. पण सहल ठरवताना भिंतीवरची दिनदर्शिका पुरते.

आता आमची अमावास्या. भरती बाराच्या सुमाराला, म्हणजे पूर्ण ओहोटी संध्याकाळी सहाला. त्यात अमावास्या-पौर्णिमेला उधाण असतं. उधाणाला पाणी जितकं जास्त वर येतं तितकंच जास्त मागेही जातं. किनारा ताटासारखा सपाट, त्यामुळे उंचीत थोडा फरक पडला तरी पाणी लांबवर पळतं. मुंबईहून उत्तरेकडे जावं तसा हा भरती-ओहोटीतला फरक वाढत जातो, भावनगरकडे तर तो दहा मीटरच्या आसपास जातो. तीन मजली घराइतका! आम्ही नेमकी अशी संध्याकाळ निवडली होती की समुद्र जास्तीत जास्त लांब असावा.

मग कोणती तिथी धरावी?

तुम्हाला काय करायचं आहे त्यावर.

मुलं, म्हातारी माणसं, पाण्यात पाय बुडवणं, सूर्यास्त असा बेत असेल तर षष्ठी ते अष्टमी. भरती साडेचार ते सहाच्या दरम्यान, म्हणजे दुपारी गेलात तर पाणी तुमच्याकडे येत असतं. शिवाय अष्टमीच्या आगेमागे भांग असतो. भांग म्हणजे उधाणाच्या उलट, पाणी फार चढत नाही आणि फार उतरतही नाही. शांत समुद्र.

लांब चालायचं असेल तर तृतीया ते पंचमी. पहाटे तीनच्या आसपास भरती, नऊच्या सुमाराला ओहोटी. सकाळी सातला निघा, अकरापर्यंत ओली घट्ट वाळू पायाखाली मिळते. आमचा नियम असा की पूर्ण ओहोटीच्या दोन तास आधी निघायचं आणि दोन तासांनंतर किनाऱ्यावरून वर यायचं.

पौर्णिमेला मुद्दाम जाणारेही आहेत. रात्री बारानंतर चंद्राखाली उधाणाची भरती बघायची, बांधावर बसून, लांबून. मी एकदाच बघितली. दुसऱ्या दिवशी शाळेत पेपर तपासताना डोळे मिटत होते.

नेमकं कुठून कुठे चालायचं?

डहाणू ते बोर्डी रस्त्यानं पंधरा-सतरा किलोमीटर. सगळं एका दिवसात करायचा हट्ट नको. ओल्या वाळूवर पाय झपझप पडतात, पण कोरड्या वाळूत गेलात की नांगरटीतून चालल्यासारखं होतं. आम्ही तीन तुकडे करतो.

पहिला, पारनाक्यापासून नरपडपर्यंत. पारनाका हा डहाणू गावचा किनारा. भेळ, घोडागाडी, रविवारी गर्दी, बाकांवर गप्पा मारत बसलेली गावातली म्हातारी मंडळी. दहा-पंधरा मिनिटं उत्तरेला चाललात की आवाज मागे राहतो आणि सुरूची झाडं सुरू होतात. सुरूच्या बनात वारा शिरला की सूंऽऽ असा एक आवाज येतो. पहिल्यांदा मला वाटलं कुठेतरी मळणीयंत्र चालू आहे.

दुसरा, नरपड ते चिखले. माझा आवडता. इथे दुकान नाही, हॉटेल नाही, कधीकधी अर्धा तास माणूस भेटत नाही. मांगेला कोळ्यांच्या बायका ओहोटीला टोपल्या घेऊन शिंपल्या वेचत असतात, तेवढ्याच. त्यांना वाट विचारली तर नीट सांगतात आणि पाणी कधी फिरणार तेही सांगतात. मोबाईलपेक्षा त्यांचं ऐकावं. मध्ये एक-दोन ठिकाणी ओहोळ समुद्राला मिळतात. ओहोटीला घोट्याएवढं पाणी, भरतीला ओलांडायचं नाव काढू नका. सरळ वर रस्त्यावर यायचं. किनाऱ्याला समांतर डहाणू-बोर्डी रस्ता आहे आणि त्यावर शेअर रिक्षा असतात, त्यामुळे अडकून पडलो असं होत नाही.

तिसरा, घोलवड ते बोर्डी आणि दम असेल तर पुढे झाई. बोर्डीचा किनारा सगळ्यात सपाट, म्हणून ओहोटी सगळ्यात लांब. झाई हे महाराष्ट्राचं टोक. होड्या, जाळी, वाळत घातलेले बोंबील, खाडी, आणि पलीकडे गुजरातचं उंबरगाव. परतताना घोलवड स्टेशन जवळ पडतं, तिथे सगळ्या गाड्या थांबत नाहीत एवढं ध्यानात ठेवा.

कोणत्या महिन्यात जावं?

नोव्हेंबर ते फेब्रुवारी. मे महिन्याच्या सुट्टीत जाणाऱ्यांना मी एवढंच सांगतो की आपल्या ४५ अंशांची मिजास तिथे चालत नाही. पारा पस्तिशीच्या आतच असतो, पण हवेत पाणी इतकं की घाम वाळतच नाही. आपला कूलर तिथे निव्वळ पंखा होतो. मेमध्ये गेलातच तर ताडगोळे खा आणि दुपारी बाहेर पडू नका.

जून-जुलैत नको. समुद्र खवळलेला असतो. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक होड्यांची मासेमारीसुद्धा बंद असते, त्यावरून काय ते समजा.

पोहता येईल का?

आपल्याकडची पोहणारी मंडळी विहिरीत तयार झालेली. काठावरून सूर मारला की जिंकलं. विहिरीला प्रवाह नसतो, समुद्राला असतो. पाणी उतरत असताना, म्हणजे ओहोटी लागल्यावर, आत जायचंच नाही. ते पाणी तुम्हाला सोबत घेऊन निघतं. पाणी चढत असताना गुडघ्यापर्यंत, फार तर कमरेपर्यंत. खाडीच्या तोंडाशी आणि मऊ चिखलात मुळीच नको. पाय रुतला की बूट राहतो आणि माणूस आडवा होतो. जीवरक्षक आहेत असं गृहीत धरून कोणी उतरू नये.

आणखी एक. सपाट किनाऱ्यावर ओहोटीत आपण पाण्याच्या मागे मागे फार लांब जातो. भरती परतते तेव्हा ती समोरूनच येईल असं नाही. आधी सखल भाग भरतात, आणि आपण उभे असतो तो उंचवटा बेटासारखा होतो. पाठीमागे बघत राहा.

गाडी वाळूवर नेली तर चालते ना? लोक नेतात.

नेतात. आणि काढायला ट्रॅक्टर आणतात.

आमच्याच एका नातलगानं, नाव लिहीत नाही, घरात भांडण नको, नवी कोरी गाडी चिखलेजवळ वाळूवर घातली. फोटो काढायचा होता. ओली वाळू वरून सिमेंटसारखी दिसते. मागचं चाक आधी बोटभर, मग वीतभर, मग पुरतं बसलं. पाणी तेव्हा दीडशे पावलं लांब होतं. दगड लाव, फांद्या लाव, जिभाऊ तुम्ही ढकला, आबा तुम्ही बाजूला व्हा, असं करेपर्यंत पाणी बंपरला टेकलं. गावातली पोरं ट्रॅक्टर घेऊन आली, दोर बांधला आणि तीन झटक्यांत गाडी बाहेर. पोरांनी पैसे वाजवी घेतले. पुढच्या वर्षभरात गाडीच्या पत्र्याखाली जो गंज धरला त्याचा हिशेब वेगळा.

जेवणाचं काय? घरात माळकरी आहेत.

माळकऱ्यांची अडचण होत नाही. गुजरात हाकेच्या अंतरावर, त्यामुळे शाकाहारी थाळी, फरसाण, खमण सगळीकडे मिळतं. वास मात्र येणार. झाईला किंवा डहाणूच्या कोळीवाड्याकडे गेलात तर बोंबील वाळत असतात. आमचे आबा नाकाला उपरणं लावून लांब उभे राहतात आणि होड्या मोजतात. त्यांचं त्यात छान मन रमतं.

खाणाऱ्यांनी ताजा बोंबील आणि पापलेट सोडू नये. तिथलं कालवण आपल्या जिभेला सौम्य लागेल. आम्ही पुडीत काळा मसाला नेतो आणि घरगुती मुक्कामाच्या ठिकाणी ताईंना विचारून थोडा घालायला सांगतो. एकदा त्या ताईंनी स्वतः चाखला, पाणी प्यायल्या, आणि म्हणाल्या, "तुम्ही रोज हे खाता?" घोलवड-बोर्डीकडे जुन्या पारशी-इराणी बागायतदारांची घरं आहेत. काही ठिकाणी मुक्कामासोबत त्यांच्या पद्धतीचं जेवण मिळतं, ते एकदा खावंच.

प्रवासात दशम्या, शेंगदाण्याची चटणी, लसणाचा ठेचा. दशमी दोन दिवस टिकते, समुद्राच्या दमट हवेत दीडच दिवस धरा.

आणि चिकू. डहाणू-घोलवडच्या चिकूला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालं आहे. कालीपत्ती जात मागा. झाडावरून उतरवलेला चिकू कडक असतो, तो घरी येईपर्यंत तीन-चार दिवसांत पिकतो. पिकलेला घेऊन रेल्वेत बसाल तर पिशवीत शिरा होईल. तिथे चिकूचे वाळवलेले काप मिळतात, मुलांच्या डब्याला चांगले.

बाटली सोबत नेली तर?

सुरतेवरून जाणार असाल तर अजिबात नाही. गुजरातेत दारूबंदी आहे, नुसती जवळ बाळगणंही गुन्हा. दमण जवळ आहे म्हणून तिथून आणायची हुशारीही नको, मधला सगळा रस्ता गुजरातचाच आहे.

मुलं कंटाळतील का?

त्यांना खाली बघायला शिकवा. ओहोटीनंतर ओल्या वाळूवर साबुदाण्याएवढ्या वाळूच्या गोळ्या पसरलेल्या दिसतात, हजारो. मधे एक बारीक बीळ आणि त्याभोवती गोळ्यांच्या रांगा, सूर्याच्या किरणांसारख्या. हे काम नखाएवढ्या खेकड्याचं. तो वाळू तोंडात घेतो, त्यातलं खाण्याजोगं काढून घेतो आणि उरलेल्या वाळूची गोळी करून मागे टाकतो. तुमचं पाऊल वाजलं की सगळे बिळात. मग हलायचं नाही. दोन मिनिटं श्वास रोखून बसलं की आधी एक डोकावतो, मग शेजारचा, आणि पाहता पाहता सगळी वाळू पुन्हा कामाला लागते. माझी भाची यावर पाऊण तास बसून होती. जी पोरगी घरी पाच मिनिटं एका जागी बसत नाही.

खाडीच्या कडेला चिखलावर उड्या मारणारे निवटे दिसले तर बघा. मासा असून पाण्याबाहेर फिरतो हे मुलांना खरंच वाटत नाही.

एक दिवस जास्तीचा आहे. आणखी काय बघावं?

आमच्यासारखे मास्तर असाल तर कोसबाडची टेकडी. ताराबाई मोडकांनी १९४५ साली बोर्डीला बालवाडीचं काम सुरू केलं आणि १९५७ मध्ये ते कोसबाडला नेलं. अनुताई वाघांचं सगळं आयुष्य तिथे गेलं. डी.एड.ला आपण या दोघींची नावं पाठ केली, परीक्षेत दहा गुण मिळवले आणि विसरलो. टेकडीवर उभं राहून खालचे आदिवासी पाडे बघितले की अंगणवाडी ही कल्पना कुठल्या गरजेतून आली ते पुस्तकाशिवाय कळतं. मूल शाळेत येत नाही तर शाळाच मुलाच्या अंगणात न्यायची.

चढायची हौस असेल तर बारडाच्या डोंगरावरची बहरोट लेणी. संजाण हे पारशांचं जुनं गाव शत्रूच्या हाती पडल्यावर त्यांनी आपला पवित्र अग्नी काही वर्षं इथे लपवून ठेवला होता. तोच अग्नी आज गुजरातेत उदवाड्याला आहे. उदवाडा गाव फिरायला छान, अग्यारीत मात्र पारशांखेरीज कोणाला प्रवेश नाही, तिथे हुज्जत घालू नये.

चैत्रात गेलात तर विवळवेढ्याच्या महालक्ष्मीची यात्रा. वारली चित्रं बघायची असतील तर हा तालुका त्यांचं माहेरच. जिव्या सोमा म्हशे इथल्याच गंजाडचे, २०११ साली त्यांना पद्मश्री मिळाली.

तापी समुद्राला मिळते तिथे जाता येतं का?

येतं, आणि हा प्रश्न विचारणाऱ्याचं मला कौतुक वाटतं. मुलताईला उगम पावलेली तापी ७२४ किलोमीटर चालून सुरतेजवळ डुमसच्या बाजूला समुद्रात जाते. चांगदेवला पूर्णेचा, प्रकाशाला गोमाईचा संगम आपण पाहिलेला असतो. शेवटचा संगम मात्र पाहायचा राहून जातो. डुमसची वाळू काळसर, गर्दी भरपूर, टोमॅटोची भजी प्रसिद्ध. पाण्यात उतरायची जागा नाही ती. शिवाय प्रकाशाला जशी नदी दिसते तशी तिथे दिसत नाही, उकाईच्या धरणानंतर आणि सुरतेसारखं शहर पार केल्यानंतर ती बरीच बदललेली असते. सुरतेला गाडी बदलताना पाच-सहा तास हाताशी असतील तर जाऊन या.

चिंचणी, केळवे, तिथल किनारे कसे आहेत?

चिंचणी डहाणूच्या दक्षिणेला, खाडीपलीकडे. लांब आणि बरा. केळवे सुंदर, सुरू आहे, शीतलादेवीचं मंदिर आहे, पण मुंबईची गर्दी तिथवर येते. तिथल वलसाडजवळ, वाळू काळी. दमणला चालण्यापेक्षा बाकीचीच मंडळी जास्त.

वाढवण बंदर झाल्यावर हे सगळं जाणार का?

बंदर डहाणू शहराच्या दक्षिणेला होतं आहे. १९९८ मध्ये तिथला आधीचा प्रस्ताव डहाणू तालुका पर्यावरण प्राधिकरणानं नाकारला होता. नव्या प्रकल्पाला जून २०२४ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाची मंजुरी मिळाली आणि ३० ऑगस्ट २०२४ ला पायाभरणी झाली. मच्छीमारांचा विरोध जुना आहे, गावात भिंतींवर घोषणा दिसतात. पाहुणे म्हणून गेलात तर या विषयावर त्यांना शिकवू नका, ऐका.

सुकट-बोंबील आणायचे का?

आणायचे. आपल्या आठवडी बाजारात मिळते त्याहून चांगली सुकट तिथे मिळते. दाबून बघा, ओलसर लागली तर सोडा. आणताना दोन प्लास्टिकच्या पिशव्या, वर कापडी, त्यावर घट्ट झाकणाचा डबा. आम्ही पहिल्या वेळी नुसती पिशवी आणली होती. नंदुरबारपर्यंत आमच्या डब्यात आम्हीच उरलो होतो.

चपला की बूट?

चालताना पट्ट्याच्या सँडल. शिंपल्यांच्या धारेनं पाय कापतात, अनवाणी फक्त स्वच्छ वाळूवर.

आईला गुडघ्यांमुळे चालवत नाही. तिला नेऊन काय उपयोग?

आमच्या आईचंही तेच. दुसऱ्या वर्षी तिला सप्तमीला नेलं. पारनाक्याला वाळूवर प्लास्टिकची खुर्ची टाकली, समोर पाणी तीस-चाळीस पावलांवर. दुपारचे साडेचार. तिला सांगितलं, तू कुठे जाऊ नकोस, तो येतो आहे. ती आधी हसली. मग बघत बसली. पाच वाजता फेस वीस पावलांवर होता. सव्वापाचला तिनं चपला काढून मांडीवर घेतल्या. एक लाट आली, खुर्चीच्या पायांशी वळली आणि तिच्या टाचांखालची वाळू घेऊन परत गेली. खुर्ची एका बाजूला कलली तसा तिनं माझा हात धरला, पण ऊठ म्हटलं तर उठेना. जळगावपेक्षा तिथे सूर्य दहा-बारा मिनिटं उशिरा मावळतो, ती सगळी मिनिटं तिनं वसूल केली.

अंधार पडायच्या आत निघालो. निघताना ती वाकली, बोट बुडवलं, जिभेला लावलं. इतकी वर्षं लोक सांगत होते त्याची खात्री करून घ्यायची होती बहुतेक. मग माझ्याकडे बघून म्हणाली, "खारंच शे ना भो."